अव्वाचं जाळीचं कपाट

"मग चुकलं कुठं उस्ताद, ते तरी सांगा की!"

मल्लाप्पा हे तिसऱ्यांदा विचारत होता. हुसेन उस्ताद खाली मान घालून आपले ब्रश टर्पेंटाइनमध्ये धूत बसलेले. मिरजेत लाकडाला रंग द्यावा तर या म्हाताऱ्यानं, असं एके काळी लोक म्हणत. त्यांच्याच हाताखाली मल्लाप्पानं आठ वर्षं काढली होती, आणि पुढं पुण्याला जाऊन तो मोठा कारागीर झाला होता. मोठा म्हणजे, निदान त्याच्या स्वतःच्या मते तरी.

"कपाट कुठलं म्हणालास?"

"स्वयंपाकघरातलं. अव्वाचं, जाळीचं. नवीन घ्यायची ऐपत नव्हती असं नाही... पण म्हटलं, तुमच्या रीतीनं करू. इकडचे तिकडचे उरलेले रंगाचे डबे एकत्र केले. खाचा बुजवायला खडूची पूड न् जवसाचं तेल मळून घरीच लांबी केली. एक खाच ठेवली नाही बघा! भरल्या, घासल्या, वर रंगाचे दोन हात दिले. नख फिरवा, कुठं अडायचं नाही!"

"झकास. आणि अव्वा काय म्हणाली?"

मल्लाप्पाचा आवाज खाली आला.

त्याच्या आईची, अव्वाची नजर चार वर्षांपूर्वी गेली. तरी मिरजेच्या घरात तिचं कुणावाचून अडलं नव्हतं. चहा तिचा तीच करायची, आमटीत मीठसुद्धा कधी चुकायचं नाही. परवा रंग वाळला, तसा मल्लाप्पा मोठ्या हौसेनं तिला हाताला धरून कपाटाशी घेऊन गेला. तिनं दारावरून हात फिरवला. पुन्हा फिरवला.

"हे कुणाचं रे? माझं कुठं ठेवलंस?" एवढं म्हणाली, आणि खाटेवर जाऊन बसली. तेव्हापासून प्यायचं पाणीसुद्धा धाकट्या सुनेकडं मागत होती.

"आता माझ्यानं काही होत नाही, म्हणते... उस्ताद, मी तिला बरं वाटावं म्हणून केलं हो!"

उस्तादांनी ब्रश पुसून फळीवर ठेवले.

"डोळे मीट."

"आँ?"

"मीट म्हटलं ना, गाढवा. आणि तुझ्या जागेवर जाऊन बस."

चाळिशी उलटलेला गडी, पण उस्तादांपुढं त्याचं काय चालणार! त्यानं डोळे मिटले. चार पावलं चाचपडला, तोच बाकाची कड हाताला लागली. हात कडेकडेनं सरकत गेला... आणि एका खळग्यात थांबला.

पेल्याच्या बुडाएवढा गोल खळगा. कामाला लागला त्याच वर्षी सरसाचं तापलेलं भांडं त्यानं इथं टेकवलं होतं आणि फळी जाळली होती. उस्तादांनी असा कान पिळला होता की दोन दिवस लाल! मल्लाप्पाला हसू फुटलं, आणि त्याच दमात डोळे भरून आले. काय दिवस होते ते! दुपारी उस्तादांच्या घरून चहा यायचा, एक बशी उस्तादांची, एक त्याची. पुण्यात एवढं कमावलं, पण तसा चहा काही मिळाला नाही.

खळग्याला हात लावूनच तो खाली बसला. बरोब्बर आपल्या जागेवर.

"बाकाला दर ईदला रंग देता ना, उस्ताद?"

"देतो."

"मग हा खळगा..."

उस्ताद फळीवरचे ब्रश सारखे करू लागले.

मल्लाप्पानं डोळे उघडले. ताडकन उठला आणि बाकावरची पटाशी उचलली.

"जातो. सगळ्या खाचा पुन्हा पाडतो. आत्ताच पाडतो!"

"कुठं कुठं होत्या?"

मल्लाप्पा पटाशी हातात धरून आठवू लागला. त्या कपाटासमोर लहानाचा मोठा झाला, पण एक खाच धड आठवेल तर शपथ.

"मग आता करू तरी काय?"

उस्तादांनी त्याच्या हातातली पटाशी काढून घेतली.

"घरी जा. अव्वाला सांग, कपाट नवं आहे, जपून वापरू नकोस. खाचा पडू देत."