पंख्याचं तोंड

"आत की बाहेर, उस्ताद? एवढंच सांगा."

दस्तगीर उस्तादांनी अजून चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. पण सुकुमारला दम कधीच नव्हता. दुकानाचं दार उघडल्याबरोबर त्याने प्रश्न पुढे केला.

टेबलावर एक कॉम्प्युटर उघडा करून ठेवला होता. पाण्यावर गार होणारा. प्रोसेसरची ऊब नळ्यांतलं पाणी उचलायचं, पाणी रेडिएटरमध्ये जायचं, आणि रेडिएटरवरचे तीन पंखे ती ऊब उडवून लावायचे. मिरजेत असं मशीन फक्त आपण बनवतो, हे सुकुमार गिऱ्हाईक बसायच्या आत सांगून टाकायचा.

उस्ताद खाली वाकले. रेडिएटरच्या जाळीवरून त्यांनी बोट फिरवलं. चाळीस वर्षं त्यांनी ट्रकचे रेडिएटर झाळले होते. कॉम्प्युटरमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, आणि त्याची त्यांना लाजही नव्हती.

"समजावून सांग," ते म्हणाले.

"पंख्यांचं तोंड आत केलं, तर बाहेरची गार हवा रेडिएटरमधून पेटीत शिरते. प्रोसेसर एकदम थंड. तोंड बाहेर केलं, तर पेटीतलीच कोमट हवा रेडिएटरमधून बाहेर पडते. मग प्रोसेसर पाच अंश जास्त तापतो. मी आत केलंय. बरोबर ना?"

"पेटीत आणखी कोण राहतं?"

"ग्राफिक्स कार्ड. चित्रांचं काम करतं ते."

"रेडिएटरमधून तापून आलेली हवा कुणाच्या अंगावर जाते?"

"...कार्डाच्या."

"मग?"

"तासाभराने पडदा काळा होतो," सुकुमार म्हणाला. त्याचा आवाज जरा उतरला होता.

उस्तादांनी मान हलवली. खुर्ची ओढून बसले. दुकानात एसी चालू होता, बाहेर एप्रिलचं ऊन रणरणत होतं.

"भरमा काय म्हणाला होता?"

सुकुमारने पंख्याचं पातं बोटाने फिरवलं...

भरमा चौगुले आणि सुकुमार, दोघंही उस्तादांच्या शेडमध्ये डाग द्यायला, म्हणजे झाळकाम करायला शिकले. एकाच शेगडीपाशी धुराने डोळे लाल होईस्तोवर बसले, एकाच डब्यातलं खाल्लं. मग ट्रकचा धंदा सोडून दोघांनी हे दुकान काढलं. आठ वर्षं झाली. सुकुमारची जीभ चालायची, म्हणून तो पुढे बसला. भरमाचा हात चालायचा, म्हणून तो मागे. अशी वाटणी कुणी केली नव्हती. ती आपोआप झाली, आणि सुकुमारला ती फार सोयीची पडली.

संक्रांतीच्या आधीची गोष्ट. चित्रफितींचं काम करणाऱ्या शेडबाळे मॅडम हे मशीन बघायला आल्या होत्या. भरमाने पंख्यांचं तोंड बाहेर ठेवलं होतं. मॅडमना प्रोसेसरच्या तापमानाचा आकडा कमी दिसावा म्हणून सुकुमारने ते फिरवून आत केलं. भरमा मागून हात पुसत आला, एक नजर टाकली आणि म्हणाला, "सुकू, कार्ड भाजंल की."

गिऱ्हाइकासमोर! सुकुमारच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तू मागं बस. पुढचं मला कळतं."

भरमा मागे जाऊन बसला. हातातलं काम संध्याकाळपर्यंत पुरं केलं, टेबल पुसलं, उस्तादांनी दिलेला खंड्या, डाग द्यायचं तांब्याच्या टोकाचं हत्यार, पिशवीत घातला आणि गेला. मागच्या दाराने. त्यानंतर तो आलाच नाही.

खरं सांगायचं तर पंख्यांचं निमित्त होतं. पंखे काय, चार स्क्रू काढले की फिरतात. सुकुमारने उस्तादांना बोलावलं होतं ते भरमासाठी. त्याच्यावाचून दुकान खायला उठलं होतं. पण हे तोंडाने म्हणायचं कसं?

"तुमच्याकडं आला होता का तो?" त्याने विचारलं.

"आला होता."

"माझ्याबद्दल काय बोलला?"

"काही नाही. कार्ड बरं आहे का, म्हणून विचारत होता."

सुकुमारने उगाच टेबलावरचा स्क्रू उचलला, परत ठेवला.

"उस्ताद... तुम्ही शब्द टाकला तर तो येईल."

"येईल."

"मग टाकाल?"

"मी सांगितलं तर तो येईल, सुकुमार. म्हणून तर सांगणार नाही."

सुकुमारचा चेहरा पडला. उस्ताद गुडघ्यावर हात टेकून उठले.

"त्याचं टेबल कुठं आहे?"

दुकानामागे एक अरुंद बोळ होता, वर पत्रा. तिथे भिंतीला लावून भरमाचं टेबल होतं आणि एक लोखंडी स्टूल. एसीची बाहेरची पेटी बरोबर समोर, छातीच्या उंचीवर. तिचा पंखा घरघरत होता.

"उस्ताद, इथं गरम होतंय. आत चला."

"बस."

"मी?"

"बस त्या स्टुलावर."

सुकुमार बसला. उस्तादांनी दुकानाचं दार लोटून घेतलं आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

गरम वारा थेट तोंडावर येत होता. सुकुमारने मान वळवली, तर कानावर आला. स्टूल सरकवायला गेला, तर ते मागे भिंतीला लागलं. सरकायला जागाच नव्हती. दोन मिनिटांत सदरा पाठीला चिकटला. पाच मिनिटांत डोळे चुरचुरायला लागले.

आठ वर्षांत तो इथे कधी बसला नव्हता. येता-जाता "झालं का रे?" एवढं विचारायचा, आणि दार लोटून घ्यायचा, आतली गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून.

मग त्याला तो पुठ्ठा दिसला.

टेबलाच्या कडेला तारेने बांधून भरमाने पुठ्ठ्याचा एक आडोसा उभा केला होता. आडोशामागे ट्रे होता, दुरुस्तीला आलेल्या बोर्डांचा. गिऱ्हाइकांची नावं लिहिलेल्या चिठ्ठ्या अजून त्यात होत्या. वारा पुठ्ठ्यावर आपटत होता आणि ट्रेपर्यंत पोचत नव्हता. जिथे भरमा बसायचा तिथे मात्र पुठ्ठा नव्हता.

सुकुमार त्या पुठ्ठ्याकडे बघत राहिला...

दुकान काढलं त्याच उन्हाळ्यात एसी बसवला, तो दिवस त्याला लख्ख आठवला. मेकॅनिकने विचारलं होतं, ही पेटी कुठं लावू? तो काउंटरवर फोनवर बोलत होता. त्याने हातानेच खूण केली होती, टाक तिकडं बाहेर. आणि पेटी चढवताना खालून आधार द्यायला भरमाच उभा होता.

"तो एकदाही बोलला नाही, उस्ताद."

उस्तादांनी पुठ्ठ्याची तार बोटाने चाचपली.

"बोलायला पाहिजे होतं त्यानं."

"एकदा बोलला की," उस्ताद म्हणाले. "कार्डाबद्दल."

सुकुमारने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. घाम होता का रडू, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. आपण एका माणसाला आठ वर्षं भाजत ठेवलं आणि त्याने तोंड उघडलं त्या दिवशी गिऱ्हाइकासमोर गप्प केलं. हे आता कशाने पुसणार?

"मी आत्ताच जातो," तो म्हणाला. "त्याच्या पाया पडतो. घेऊन येतो."

"घरी नाही तो. गडहिंग्लजला कामाला लागला. परवाच गेला."

"परवा?"

"हं."

परवा सुकुमारने फोन हातात घेतला होता. मग गिऱ्हाईक आलं म्हणून ठेवून दिला होता.

उस्तादांची नजर टेबलाच्या वर गेली. खिळ्यावर एक टॉवेल लटकत होता. कोरा, घडीचा.

"हा कुणाचा?"

"सोमवारपासून एक कारागीर इथं बसायला येतायत. जयसिंगपूरचे आहेत, पन्नाशीचे. काम तुंबलंय, म्हणून..." सुकुमार उठला. त्याने डोळे पुसले. त्याला काहीतरी करून टाकायचं होतं, लगेच, हातांनी. "पंखे तरी फिरवून टाकतो, उस्ताद. भरमानं ठेवले होते तसे. कार्डाला आता त्रास नको. सगळी गरम हवा बाहेर काढून देतो."

उस्ताद पुढे आले. सुकुमारने सोडलेल्या स्टुलावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. गरम वाऱ्याने त्यांचे पांढरे केस विस्कटले.

"बाहेर म्हणजे कुठं, सुकुमार?"