सगुणाची खोटी उत्तरं

माणदेशातल्या एका गावात सगुणा कोकरे नावाची सतरा वर्षांची मुलगी राहत होती. तीन हजार मीटरच्या शर्यतीत तिला तालुक्यात जोड नव्हती.

एकदा तिला पळायला शिकवणारे शेंडगे सर सहज म्हणाले, "अंगानं हलकी झालीस, तर जिल्ह्यातही पहिली येशील." सगुणानं ते मनावर घेतलं. दोन भाकऱ्यांची अर्धी झाली. दूध बंद झालं. आईनं ताट वाढलं की ती म्हणायची, "मी शाळेतच खाल्लंय." सुरुवातीला ती खरंच जोरात पळू लागली. मग तिची पाळी थांबली. एक महिना, दोन महिने, पाच महिने. नडगी ठणकू लागली. सगुणा मनातून घाबरली. पण कुणाला सांगितलं तर पळणं बंद होईल, ही भीती त्याहून मोठी होती.

जिल्ह्याच्या निवडीआधी डॉक्टरीणबाई मुलींना तपासायला शाळेत आल्या. त्यांनी प्रत्येकीला एक कागद दिला. पोटभर जेवतेस का? पाळी वेळेवर येते का? कुठलं हाड दुखतं का? सगुणानं तिन्ही उत्तरं खोटी लिहिली. शेजारी तिची मैत्रीण उज्ज्वला बसली होती. तीही पळायची, हलकं व्हायला अर्धपोटी राहायची, आणि तिचीही पाळी थांबली होती. तिनं सगुणाचं पाहून तेच उतरवलं.

दुसऱ्या दिवशी सरावात उज्ज्वला किंचाळून कोसळली. धक्का लागला नव्हता, ठेच लागली नव्हती. पळता पळता नडगीचं हाडच मोडलं होतं.

"सगुणे, आपण खोटं का लिहिलं गं?" ती कळवळून म्हणाली.

उरलेल्या मुलींच्या तपासणीसाठी त्या दिवशीही शाळेत असलेल्या डॉक्टरीणबाई धावत आल्या आणि उज्ज्वलाच्या पायाला फळी बांधू लागल्या. त्यांच्याजवळ जाऊन सगुणा कशीबशी म्हणाली, "बाई, मीपण खोटंच लिहिलंय. माझीपण नडगी दुखते."

"निवड चार दिवसांवर आलीय..." सर पुटपुटले.

बाई ताडकन म्हणाल्या, "सर, पळणाऱ्या अंगाला अन्न पुरलं नाही, की आधी पाळी जाते, मग हाडं झिजतात. आणखी एक पाय मोडलेला बघायचाय का?"

सरांनी मान खाली घातली. "हलकी हो म्हणणारा मीच," ते म्हणाले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं सगुणाचं नाव यादीतून खोडलं. ती ढसाढसा रडली.

तपासणीत तिच्याही हाडाला चीर गेलेली निघाली. त्या वर्षी ती पळली नाही. पोटभर जेवली, विश्रांती घेतली. आठ महिन्यांनी पाळी परत आली. पुढच्या वर्षी ती जिल्ह्यात तिसरी आली. उज्ज्वला आता नीट चालते. पळत मात्र नाही.

तात्पर्य: दुखणं लपवल्यानं शर्यत हाती लागत नाही, अंग मात्र हातचं जातं. म्हणून विचारणाऱ्याला खरं सांगावं. आणि खरं सांगायची भीती वाटेल, असं शिकवणाऱ्यानं वागू नये.