दोन लेन्स आणि मधलं अंतर

आश्रमाच्या अंकासाठी भागीरथीबाईंचा फोटो काढायला वैदेही टिकेकर आली, तेव्हा अध्यक्ष भाऊसाहेब निंबकर जातीनं हजर होते. ते देणग्या सढळ हातानं देत आणि हुकूम त्याहून सढळपणे सोडत. भागीरथीबाईंचा कुष्ठरोग कित्येक वर्षांपूर्वी बरा झाला होता, तरी झडलेली बोटं पदराखाली झाकून त्या बाकाच्या टोकाला बसल्या होत्या.

वैदेहीनं दोन लेन्स काढल्या, एक धाकटी, पंच्याऐंशी मिलिमीटरची, आणि एक मोठी, एकशे पस्तीसची. मंद उजेडातही दोन्ही चेहरा सुरेख टिपत. फक्त मोठीसाठी लांब उभं राहावं लागे, धाकटीसाठी जवळ जावं लागे.

"मोठी लावा," भाऊसाहेब म्हणाले. "उगाच जवळ कशाला जाता?"

वैदेहीनं धाकटी लावली आणि बाईंशी बोलत बसली. बोलता बोलता बाईंचे हात पदराबाहेर आले, आणि तिनं फोटो घेतला.

मग भाऊसाहेबांना बाईंसोबत फोटो हवा झाला. खुर्ची मात्र त्यांनी बाकापासून चांगली दूर मांडून घेतली. वैदेही घुटमळली, तसे ते खेकसले, "एवढ्या भारी लेन्स आणल्यात ना? आम्ही दोघं जवळ दिसू अशी लावा!"

"भाऊसाहेब, लेन्स बदलून मी तुमच्याजवळ येईन," ती शांतपणे म्हणाली. "तुम्हाला बाईंजवळ नेणारी लेन्स माझ्याकडे नाही."

भाऊसाहेबांची मान खाली गेली. मग ते उठले आणि बाकाकडे गेले. भागीरथीबाईंनी सरकून त्यांना जागा करून दिली.