शेवटच्या शेताला पहिलं पाणी

एकदा एक कारागीर होता, आणि तो दर उन्हाळ्यात श्रीमंत व्हायचा व दर पावसाळ्यात गरीब. त्याचं नाव रोहिदास. धंदा मोटार-वाइंडिंगचा, म्हणजे विहिरीवरची पाण्याची मोटार जळाली, की तिच्यातली जळकी तार उपसून काढायची आणि नवी तांब्याची तार वेढे मोजत पुन्हा भरायची. फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत विहिरींचं पाणी खोल जातं, विजेचा दाब खालीवर होतो आणि मोटारी पटापट जळतात. शेतकरी जळकी मोटार गाडीवर टाकून धावत येतो, कारण मागे त्याचं उभं पीक वाळत असतं आणि घासाघीस करायला त्याला सवड नसते. त्या चार महिन्यांत रोहिदासचा खिसा सहसा रिकामा राहायचा नाही. मग पाऊस लागायचा, विहिरी भरायच्या, मोटारी निवांत व्हायच्या आणि रोहिदास फाट्यावरच्या आपल्या दुकानात माशा मारत बसायचा.

दर महिन्याच्या एक तारखेला ज्यांच्या खात्यात पगार आपसूक येऊन पडतो, त्यांना या माणसाचं दुखणं चटकन समजणार नाही. त्याची मिळकत कमी नव्हती. वर्षाची बेरीज मांडली असती, तर ती एखाद्या मास्तरांच्या पगाराच्या फार मागे राहिली नसती. पण बेरीज वर्षाची होते आणि पोटाला व मुलांना दर महिन्याला लागतं. शिवाय माणूस हौशी. वैशाखात खिसा जड असला, की त्याच्या तोंडून ‘नाही’ हा शब्द निघत नसे.

त्याला दोन मुलं. धाकटा हर्षल नऊ वर्षांचा. त्याला शेजारची मुलं जे जे करतील ते ते हवं असे. त्यामुळे तो क्रिकेटच्या शिबिरात जायचा, अबॅकसला जायचा आणि मागच्या वर्षापासून स्केटिंगलाही जायचा. थोरली शर्वरी बारा वर्षांची. तिने आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती, तबला. हे सगळे क्लास तालुक्याच्या गावी, नऊ किलोमीटरवर. संध्याकाळी पाच वाजता दुकानाचं शटर ओढून रोहिदास दोघांना स्कूटरवर घेऊन निघे. नेमकी तीच वेळ शेतकऱ्याने जळकी मोटार घेऊन येण्याची. तो बंद शटर बघे आणि पुढच्या गावातल्या दुकानाकडे वळे. आपण आपल्या मनाचे मालक आहोत, वाटेल तेव्हा उठता येतं, याचा रोहिदासला अभिमान होता. त्या उठण्याची किंमत त्याने कधी काढली नव्हती.

आषाढ आला की पैसे संपत, आणि काहीतरी बंद करावं लागे. क्रिकेट आणि अबॅकसवाल्यांनी वर्षाची फी सवलत देऊन आधीच घेतलेली असे. स्केटिंगवाले फी थकली की सगळ्यांसमोर नाव पुकारत. तबल्याचे गुरुजी तेवढे महिन्याच्या महिन्याला घेत, तेही कधी तोंडाने मागत नसत. तेव्हा बंद व्हायचा तो तबला. दिवाळीनंतर चार कामं आली, की शर्वरी पुन्हा क्लासला जायची. मधल्या महिन्यांत हात विसरलेला असायचा. गुरुजी तिला पुन्हा पहिल्यापासून बसवायचे. असं तीन वर्षं चाललं.

यंदा माघात गुरुजींनी रोहिदासला थांबवून घेतलं. म्हणाले, “मुलीचा हात चांगला आहे. कार्तिकात तिला परीक्षेला बसवावं असं माझ्या मनात आहे. पण पावसाळ्यात शिकवणी सुटणार असेल, तर आत्ताच सांगा. तिची जागा मी दुसऱ्या मुलाला देईन. दरवर्षी मी तिला चार पावलं पुढे नेतो आणि तुम्ही पाच मागे आणता. मलाही आता कंटाळा आला हो.”

गुरुजी रागावले असते तर रोहिदासला बरं वाटलं असतं. ते रागावले नाहीत, म्हणून त्याला फार लाज वाटली. शर्वरी तिथेच तबल्यापुढे बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं.

त्या गावाच्या नदीवर जुना बंधारा होता आणि त्यातून निघालेल्या पाटावर नव्वद शेतं भिजत. कोणत्या शेताला कधी आणि किती पाणी द्यायचं, हे पाहणारा पाटकरी म्हणजे आप्पा. वय पंचाहत्तर. गेली चाळीस वर्षं हे काम त्यांच्याकडे होतं, आणि त्या चाळीस वर्षांत पाण्यावाचून कुणाचं पीक गेलं असं झालं नव्हतं. अपुऱ्या पाण्यात नव्वद शेतं ज्याने सांभाळली, त्याला माझ्या घरातली चार माणसं काय जड, असा विचार करून रोहिदास आप्पांकडे गेला. त्याने सगळी हकिगत सांगितली. पैसे येतात ते जातात कुठे, तेच कळत नाही, म्हणाला.

आप्पांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, “उद्या गव्हाच्या शेवटच्या पाण्याची पाळी सोडायची आहे. सकाळी बंधाऱ्यावर ये. येताना फावडं आण.”

सकाळी आप्पांनी बंधाऱ्याची फळी उचलली आणि पाटाला पाणी आलं. पाणी थोडंच होतं. माघाच्या अखेरीला नदी ती केवढी उरणार. पहिलंच शेत साहेबरावांचं. गहू ओंबीला आलेला, पानं सुकून वळलेली. साहेबराव फावडं घेऊन बांधावर तयारच उभे होते. ते पाटाची माती ओढायला वाकले, तोच आप्पा म्हणाले, “राहू द्या. अजून तुमची पाळी यायची आहे.”

“आप्पा, गहू डोळ्यांनी दिसतोय ना तुम्हाला?” साहेबराव म्हणाले. मग त्यांनी आप्पांच्या घराण्याविषयी दोन शब्द ऐकवले, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. आप्पा पुढे चालू लागले. पुढच्या शेतावरही तेच, त्याच्या पुढच्या शेतावरही तेच. कुणी विनवण्या केल्या, कुणी खूप बोललं. पाणी तहानलेल्या शेतांच्या कडेने सरकत राहिलं आणि आप्पा त्याच्या बरोबरीने चालत राहिले. दोन तासांनी ते पाटाच्या टोकाच्या शेताशी पोचले.

तिथे कुणीच नव्हतं. त्या शेताचा मालक भाचीच्या लग्नाला परगावी गेला होता.

“फोड बांध,” आप्पा रोहिदासला म्हणाले. “चपला काढ आणि भिजव हे शेत.”

रोहिदासने पाण्याला वाट करून दिली. वाफ्यामागून वाफा भरत तो घोटाभर चिखलात फिरला. पण त्याच्या मनाला हे पटेना. शेवटी कंबर सरळ करून तो म्हणाला, “आप्पा, रागावू नका. ज्याचं पीक वाळतंय तो बांधावर उभा राहून हात जोडतोय. त्याला ओलांडून तुम्ही पाणी आणलंत, ते ज्याला आपल्या शेताची आठवणही नाही त्याच्यासाठी. हा कुठला न्याय?”

आप्पा बांधावर बसले. म्हणाले, “साहेबरावांचं शेत पाटाला लागून आहे. पाणी नुसतं शेजारून गेलं तरी त्यांचा बांध ओला होतो. पाणी आलं हे सगळ्यांत आधी त्यांना दिसतं, आणि त्यांचा आवाज सगळ्यांत आधी मला ऐकू येतो. मी वरून सुरुवात केली, तर त्यांना आणखी थोडं द्यावंसं वाटेल. कारण समोर माणूस उभा आहे, मलाही मन आहे. दुसऱ्यालाही थोडं जास्त देईन. त्यात पाप कुणाचंच नाही. पण इथवर पोचायच्या आत पाट आटलेला असेल, आणि तेव्हा मी म्हणेन, पाणीच कमी होतं, मी काय करू. माझ्या आधीचा पाटकरी असंच म्हणायचा. म्हणून मी टोकापासून वर जातो. जो हजर नाही, त्याचं आधी. जो बांधावर उभा आहे तो आपलं बघून घेतो. आणि उरलं किती ते दिसत असतं, तेव्हा कितीत भागवायचं हेही त्याला कळतं.”

मग त्यांनी विचारलं, “तुझ्या पाटाच्या टोकाला कोण आहे?”

रोहिदास चिखलात उभा राहून विचार करू लागला. मग म्हणाला, “आषाढ. आषाढ आणि श्रावण.”

“बरोबर. वैशाखात तुझ्या दारात येऊन आषाढ काही भांडत नाही. तो परगावी असतो. आणखी कोण?”

“तांब्याची तार. ती संपली की उसनवार आणतो, ती महाग पडते.”

“आणखी?”

आणखी कुणी रोहिदासला सुचेना.

“मग घरी जाऊन बघ,” आप्पा म्हणाले. “जे ओरडत नाही ते बघ.”

त्या दिवशी दुपारी जेवताना रोहिदास प्रथमच घरातल्या माणसांकडे नीट बघत बसला. हर्षल स्केटिंगच्या नव्या चाकांविषयी बोलत होता. शर्वरी खाली मान घालून जेवत होती. आणि त्याची बायको उज्ज्वला भाकरी आमटीत कुस्करून, भिजवून, एकाच बाजूने चावत होती.

“दाढ दुखते का गं?” त्याने विचारलं.

“दिवाळीपासून.”

“मग बोलली नाहीस ती?”

“बोलले होते की. तुम्ही म्हणालात, स्केटिंगचे बूट होऊ देत, मग बघू. लवंग धरते मी. थांबतं तेवढ्यापुरतं.”

तिने हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. विचारलं म्हणून सांगितलं. रोहिदासला पुढचा घास गोड लागला नाही.

फाल्गुनात कामं सुरू झाली. पहिले पैसे हाती आले, तेव्हा तो उज्ज्वलाला दाताच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. पुढचे पैसे तारेचे. वैशाखात खिसा जड झाला, तसा तो तबल्याच्या गुरुजींकडे गेला आणि आषाढापासून कार्तिकापर्यंतची फी त्यांच्यापुढे ठेवली. गुरुजी म्हणाले, “अहो, अजून वळवाचा पाऊसही नाही पडला.” रोहिदास म्हणाला, “म्हणूनच आणली. नंतर माझ्याजवळ राहत नाही.” आषाढ-श्रावणाच्या किराण्याचे पैसे त्याने उज्ज्वलाच्या हवाली केले आणि सांगितलं, की ज्येष्ठात मी मागितले तरी देऊ नकोस. त्याने खरोखरच ज्येष्ठात मागितले. तिने दिले नाहीत.

एवढं बाजूला काढल्यावर उरलं त्यात हर्षलचा एक क्लास बसत होता. तीन बसत नव्हते. रोहिदासने त्याला समोर बसवून सांगितलं, “यातला एक तू निवड.” हर्षलने आधी कांगावा केला, मग रडला, मग ताईचा तबला का बंद होत नाही असं विचारलं. उज्ज्वलाचंही मन विरघळलं. “गल्लीतली सगळी पोरं जातात हो, आणि हा एकटा दारात बसणार,” ती म्हणाली. त्यावरून नवरा-बायकोचंही वाजलं. खिशात पैसे असताना मुलाला नाही म्हणणं, हे रोहिदासला आजवरच्या कुठल्याही कामापेक्षा अवघड गेलं. दोन वेळा तो कबूल करता करता राहिला. अखेर हर्षलने क्रिकेट ठेवलं आणि आठ दिवस बापाशी अबोला धरला. क्रिकेट फक्त शनिवार-रविवारचं होतं. शर्वरी एकटी एस.टी.ने जायला लागली. त्यामुळे बाकीचे पाच दिवस संध्याकाळी दुकानाचं शटर उघडं राहू लागलं, आणि पुढच्या गावाकडे वळणाऱ्या मोटारी फाट्यावरच थांबू लागल्या.

मग पाऊस लागला. मोटारी थंडावल्या. आषाढ गेला, श्रावण अर्धा झाला आणि शर्वरीचा क्लास चालूच राहिला. गुरुजींनी परीक्षेचा फॉर्म भरून घेतला.

श्रावणातल्या एका उघडिपीच्या दिवशी रोहिदास आप्पांना भेटायला गेला. आप्पा पाटातला गाळ काढत होते. रोहिदासने त्यांच्या हातातलं फावडं घेतलं आणि काम करता करता सगळं सांगितलं.

“घरात भांडण झालं?” आप्पांनी विचारलं.

“झालं. वैशाखात. चांगलंच झालं.”

“आणि आत्ता?”

“आत्ता काही नाही. सगळं शांत आहे.”

आप्पांनी मान हलवली. “म्हणजे जमलं तुला. भांडण कुणाला चुकत नाही, रोहिदास. साहेबराव चाळीस वर्षं मला शिव्या देतात. पण ते देतात तेव्हा पाटात पाणी असतं. उशिरा का होईना, त्यांचं शेत भिजतं आणि आम्ही पुन्हा एकमेकांच्या घरी चहा पितो. पाट आटल्यावर जो भांडायला येईल, त्याला मी काय देणार? आणि त्यालाही हे कळत असतं. म्हणून तो भांडायलासुद्धा येत नाही.”

रोहिदासचा हात थांबला. मागच्या तीनही आषाढांत शर्वरी एकदाही भांडली नव्हती. क्लास बंद म्हटल्यावर तबल्यावर धुतलेलं कापड घालून ती अभ्यासाला बसायची, आणि पोरगी फार समजूतदार आहे, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायचा.