आठवं पान

माणसं होडीत नुकतीच रेडिओ ठेवू लागली होती, तेव्हाची गोष्ट. एकटेपणाला कंटाळलेली रेडिओलहर इंद्रधनुष्यातल्या सात रंगांच्या पंगतीत बसायला गेली.

"सरका जरा. मीही प्रकाशाच्याच घरची, तुमच्याच वेगाने धावते."

"बाई, आमची पावलं धुळीच्या कणाहून बारीक, तुझं एकेक टेकडीएवढं," जांभळा म्हणाला. "शिवाय तू दिसत नाहीस. पान कुणापुढे मांडायचं?" सगळे हसले.

तेवढ्यात समुद्रावर धुकं दाटलं. रंग विझले. खडकाकडे निघालेल्या हिराजी कोळ्यापर्यंत फक्त लहर पोचली, पुढच्या होडीतल्या भावाची हाक घेऊन: "हिराजी, म्होरं खडक हाय. डावीकडं वळव."

हिराजी वाचला. धुकं विरलं, आभाळात सात रंग उमटले आणि त्याने त्यांनाच हात जोडले. लहर त्याच्या कानाजवळून पुढे निघून गेली, एकटीच.