चांगोच्या हाती सुकाणू

एकदा एका खाडीकाठच्या गावात एका माणसाचा हात मोडला, आणि सारे गाव दुसऱ्याच एका माणसाविषयी बोलू लागले.

हात मोडला तो हिराजी तांडेलाचा, म्हणजे गावाची होडी हाकणाऱ्याचा. ओल्या धक्क्यावरून पाय घसरला आणि उजवे मनगट दगडावर आपटले. वैद्याने पट्ट्या बांधून सांगितले, दोन महिने सुकाणूला हात लावायचा नाही. शर्यत मात्र आठ दिवसांवर आली होती. दरवर्षी त्या खाडीवरच्या तीन गावांच्या होड्यांची शर्यत लागे. जी होडी पहिली येई तिच्या गावाने खाडीच्या मुखाशी जाळी लावायची, दुसरीच्या गावाने मधल्या पात्रात, आणि तिसरीच्या वाट्याला वर्षभर आतला चिखल यायचा. हिराजीने होडी नऊ वेळा पहिली आणली होती. त्यामुळे चिखलात जाळी लावायची म्हणजे काय, हे गावातल्या तरुणांना ऐकूनच माहीत होते.

हिराजीच्या खालोखाल होता चांगो. बारा वल्हेकऱ्यांत सुकाणूच्या अगदी जवळच्या फळीवर तो अकरा वर्षे बसत आला होता. हिराजी भाकरी खायला बसला, किंवा पाणी संथ असले, की घटकाभर सुकाणू चांगोच्या हाती येई. तेवढेच.

आता धक्क्यावर जाळी विणता विणता एकच विषय चालू झाला.

"चांगो शांत डोक्याचा आहे," कुणी म्हणे.

"शांत आहे की भित्रा आहे, ते वळणावर कळेल."

"अरे, त्याला खाडी पाठ आहे."

"पाठ आहे, पण उलटी! वल्हेकरी बसतो होडीच्या मागच्या टोकाकडे तोंड करून. अकरा वर्षं त्यानं मागे गेलेलं पाणी बघितलंय. पुढचं कधी बघितलं?"

यावर हशा पिकला. पण घरी जाताना हसणारेही विचारात पडले. त्यातच सुक्या मासळीच्या एका व्यापाऱ्याने सुचवले की पलीकडच्या बंदरात एक नामांकित तांडेल आहे. मुखाजवळच्या मासळीत वाटा द्यायचे कबूल केले तर तो येईल. आता गावाचे दोन तट पडले. शेवटी पाटील, तो व्यापारी आणि चार जाणती माणसे टेकडीवर गेली.

टेकडीवर एक वृद्ध आचार्य राहत. सारे त्यांना बाबा म्हणत. त्यांच्यापाशी विश्राम नावाचा शिष्य होता. तो याच गावच्या कोळ्याचा मुलगा. तीन वर्षे शास्त्राध्ययन करूनही त्याच्या तळव्यांवरचे वल्ह्याचे घट्टे गेले नव्हते.

"बाबा, तुम्ही माणसं ओळखता," पाटील म्हणाले. "चांगो पुरेसा आहे का, एवढं सांगा. तुम्ही म्हणाल तसं करू."

बाबा म्हणाले, "मलाही ते जाणून घ्यायला आवडेल. दोन दिवस द्या." मग विश्रामकडे वळून म्हणाले, "गावात जा आणि विचारून ये."

विश्रामला हे काम फार आवडले. प्रश्न तसा सोपा होता. माणूस समोर, पाणी समोर, उत्तर कुठेतरी असणारच. दोन दिवस तो घरोघर फिरला. कुणी चांगोचे गुण सांगितले, कुणी त्याच्या आजोबांनी होडी बुडवल्याची गोष्ट उकरून काढली. बोलणाऱ्यांतल्या एकानेही चांगोला अवघड पाण्यात सुकाणू धरलेले पाहिले नव्हते, हे विश्रामच्या ध्यानात आले, तेव्हा तो हिराजीकडे गेला.

हिराजी ओसरीवर हात गळ्यात बांधून बसला होता. विश्रामने त्याला चांगोविषयी विचारले.

"मला ठाऊक नाही," तो म्हणाला.

"दादा, अकरा वर्षं तो तुमच्यासमोर बसला."

"बसला. पण अवघड जागी सुकाणू मी त्याला कधी दिलंच नाही."

"का?"

हिराजीने पट्टी उगाच सारखी केली. "दिलं असतं तर मला ठाऊक झालं असतं," तो म्हणाला, आणि आत निघून गेला.

चांगो वाळूवर होडीला तेल लावत होता. विश्रामने त्यालाही विचारले, "चांगोदादा, तुम्हाला काय वाटतं? जमेल?"

चांगो हसला नाही, रागावलाही नाही. "लोक म्हणतात ते खरं आहे. अकरा वर्षं मी खाडी नाही बघितली. मी हिराजीदादांचा हात बघितला. वळणाआधी तो केव्हा आवळतो, केव्हा सैल सुटतो, ते मला झोपेतही सांगता येईल. पण माझा हात तसा चालेल का, ते मला कसं ठाऊक असणार?"

विश्रामने हे सारे बाबांना सांगितले. "बाबा, मी चाळीस माणसांना विचारलं. ज्यांना काहीच माहीत नाही त्यांची उत्तरं पक्की आहेत. आणि ज्या दोघांना माहीत असायला हवं, ते म्हणतात ठाऊक नाही."

"मग आपणच पाहू," बाबा म्हणाले. "उद्या होडी काढायला सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी सारे गाव धक्क्यावर लोटले. चांगो सुकाणूवर बसला. त्याची वल्ह्याची फळी रिकामी झाली होती, तिथे बाबांनी विश्रामला बसवले. बाबा चांगोजवळ बसतील, त्याचा हात, त्याची नजर न्याहाळतील, असे सर्वांना वाटले होते. पण ते होडीच्या पार पुढच्या टोकाला, नाळेवर जाऊन बसले. वल्हेकऱ्यांची तोंडे चांगोकडे, पाठी बाबांकडे. बाबांच्या मांडीवर एक कापडी पिशवी होती आणि तिच्यात वाळूतले खडे होते.

होडी निघाली. थोड्या वेळाने विश्रामला मागून पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज आला. डुबुक. पुन्हा थोड्या वेळाने, डुबुक. काय पडते आहे म्हणून त्याने मान वळवून पाहिले. बाबा त्याच्याकडेच पाहत होते. त्यांनी एक खडा उचलला आणि पाण्यात सोडला.

विश्राम गोंधळला. खडकाच्या वळणावर होडी डगमगली, शेजारच्याचे वल्हे विश्रामच्या वल्ह्यावर आपटले, आणि मागे लागोपाठ चार-पाच खडे पडले. परतताना पाण्यात शिरलेल्या वाळूच्या दांड्याला वळसा घालताना पुन्हा तसेच झाले.

होडी धक्क्याला लागताच व्यापारी पुढे झाला. "आम्ही इथून बघितलं, बाबा. होडी दोन्ही वळणांवर डुलली. याचा हात स्थिर नाही."

बाबांनी पिशवी उलटी केली. नऊ खडे उरले होते.

"निघताना पन्नास होते," ते म्हणाले. "वल्हेकऱ्याची पाठ ही होडीच्या वाटेकडे असते. पुढे काय आहे ते त्याला दिसत नाही. दिसतो तो फक्त तांडेल. मी नाळेवर अशासाठी बसलो की मला तिथून पाठीच दिसायला हव्या होत्या. पण एकेचाळीस वेळा मला चेहरे दिसले. मान वळली की वल्हं चुकतं, वल्हं चुकलं की होडी डुलते, आणि होडी डुलली की तुम्ही काठावरून म्हणता, याचा हात स्थिर नाही. ते ऐकून उद्या साठ वेळा माना वळतील."

त्यांनी उरलेले खडे परत पिशवीत भरले.

"चांगो पुरेसा आहे की नाही, हे पाहायला मी होडीत बसलो होतो. ते मला दिसलंच नाही. आज होडी बाराजण हाकत होते आणि तेरावा ती सावरत होता. कदाचित तो कमी पडेलही. तेसुद्धा समजू शकेल, पण ज्या दिवशी तुम्ही त्याला हाकू द्याल त्याच दिवशी. आणि परगावचा तांडेल तुम्हाला बरा वाटतो, कारण त्याला तुम्ही धक्क्यावर बसून भाकरी खाताना पाहिलेलं नाही. तुमच्याच होडीत आज आणखी एक बदली माणूस होता. तीन वर्षं पोथ्या वाचणारा हा विश्राम. त्याचं वल्हं पुरेसं आहे का, हे तुमच्यापैकी कुणी विचारलं?"

विश्रामचे कान तापले. त्याने स्वतःही ते स्वतःला विचारले नव्हते.

परगावच्या तांडेलाला निरोप गेला नाही. पुढचे पाच दिवस होडी रोज निघाली.

शर्यतीच्या दिवशी ओहोटीला जोर होता. तीन होड्या एकदम सुटल्या. विश्राम सुकाणूजवळच्या त्याच फळीवर होता. चांगोचा चेहरा त्याच्यापासून हातभर अंतरावर होता. तो चेहरा घाबरलेला होता. ओठ काहीतरी मोजत होते, कपाळावर घाम होता. पण डोळे पुढच्या पाण्यावरून हलत नव्हते. खडकाजवळ लाटांचा आवाज वाढला, होडी एका अंगाला कलली, आणि मागे काय आहे ते पाहण्याची अशी काही ओढ विश्रामला लागली की मानेच्या शिरा दुखू लागल्या. त्याने चांगोच्या हातावर नजर रोखली आणि वल्हे ओढले. बाराही वल्ही एकाच आवाजात पाण्यात पडली.

खडकाला वळसा मोठा पडला. पुढे असलेली त्यांची होडी तिसरी झाली. "माझं चुकलं," चांगो दात आवळून म्हणाला. "ओढा!" वाळूच्या दांड्यापाशी मात्र त्याने होडी अशी आत घातली की विश्रामचे वल्हे वाळूला खरवडून गेले. तिथे त्यांनी एका होडीला मागे टाकले. धक्क्याला ते दुसरे लागले. पहिल्या होडीशी अंतर उरले होते फक्त अर्ध्या होडीचे.

गावाला मधले पात्र मिळाले. चिखल टळला, मुख गेले. धक्क्यावर लगेच वाद पेटला. हिराजी असता तर पहिले आलो असतो, असे काही म्हणू लागले. परगावचा तांडेल असता तर तिसरे आलो असतो, असे दुसरे म्हणू लागले. कुणीतरी हिराजीलाच विचारले.

"मी खडकाच्या आतून गेलो असतो," हिराजी म्हणाला. "पहिला आलो असतो, नाहीतर फुटलो असतो. आज पाणी कसं होतं ते याला माहीत, मला नाही." मग चांगोकडे वळून तो म्हणाला, "उद्या होडी मुखाबाहेर काढू. सुकाणू तूच धर."

व्यापाऱ्याचे समाधान झाले नव्हते. त्याने विश्रामला गाठले. "तू तर होडीत होतास. समोर बसला होतास. आता एकदाचं सांगून टाक, चांगो पुरेसा आहे की नाही?"

बाबा थोड्या अंतरावर उभे होते. त्यांनीही कुतूहलाने शिष्याकडे पाहिले.

विश्रामचे तळवे सोलले होते. त्याने त्यांच्यावर फुंकर घातली.

"पहिल्या वळणावर त्याचं चुकलं," तो म्हणाला. "दुसऱ्या वळणावर चुकलं नाही."

"म्हणजे काय समजायचं?"

"एवढंच," विश्राम म्हणाला. "आठ दिवसांपूर्वी आपल्याला एवढंही ठाऊक नव्हतं."