हवा सोडलेली चाके

वाळवंटाला लागून असलेल्या एका गावात एकदा एक व्यापारी आपली गाडी घेऊन एका वृद्ध कारागिराच्या दारी आला. गाडी चारही चाकांना ताकद पोचवणारी, भारीतली होती. पण डांबरी रस्त्याखेरीज तिने काही पाहिले नव्हते. व्यापारी म्हणाला, "उस्ताद, हिला वाळूत चालण्याजोगी करून द्या. आईला देवीला न्यायचं आहे."

देवीचे ठाणे वाळूच्या टेकड्यांपलीकडे होते. हा व्यापारी तान्हा असताना तापाने फणफणला होता, तेव्हा त्याच्या आईने नवस बोलला होता, 'लेकरू वाचलं तर पायी येऊन तुझी ओटी भरीन.' लेकरू वाचले, मोठे झाले, संसार वाढला. नवस मात्र आज जाऊ, उद्या जाऊ करत राहून गेला. आता तिचे गुडघे उंबरा ओलांडतानाही कुरकुरत. पण नवस फेडल्यावाचून डोळे मिटायचे नाहीत, एवढे तिने मनाशी पक्के धरले होते.

वृद्धाने ते काम आपल्या शिष्यावर सोपवले. शिष्याचे ते पहिलेच स्वतंत्र काम. त्याने त्यात जीव ओतला. गाडी उंच केली, थोरली चाके बसवली, पुढे जाडजूड लोखंडी गार्ड लावले, छतावर कॅरिअर चढवून त्यावर पाण्याचे आणि डिझेलचे डबे बांधले. गाडी रुतली तर ओढून काढायला पोलादी दोराचे विंच लावले. शेवटी चाकांत हवा अशी ठासून भरली, की टिचकी मारली तर घणघणावीत.

"एवढं लोखंड?" वृद्धाने विचारले.

"वाळवंट आहे, उस्ताद. तिथं लेचंपेचं काही टिकायचं नाही."

"बरं," वृद्ध म्हणाला. "फक्त माईंना चढायला खाली एक पायरी जोड. ही उंची तुझ्या पायांच्या मापाची झाली आहे."

शिष्य ओशाळला. त्याने मुकाट्याने पायरी जोडली.

निघायच्या सकाळी म्हातारी खण, नारळ आणि तांदूळ फडक्यात बांधून पायरीवरून वर चढली. मुलाने तांब्या पुढे केला. तिने तो हाताने बाजूला सारला.

"नको रे. बोलले होते पायी येईन, आणि निघाले मोटारीतून. देवीला काय तोंड दाखवू? म्हणून ओटी भरेपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, असं मी ठरवलंय."

"आई, ऊन बघ. या वयात निर्जळी?"

"वय माझं आहे ना? मग मलाच ठरवू दे."

व्यापाऱ्याने आशेने वृद्धाकडे पाहिले. "उस्ताद, तुम्ही तरी समजवा."

"नवस माईंचा, शेठ. आपण कोण बोलणार?" वृद्ध म्हणाला. पण सोबत जायला गाडीत बसताना त्याने तांब्या उचलून आपल्या मांडीशी ठेवला.

पहिल्या टेकड्या गाडीने सहज पार केल्या. गाडी चालवणाऱ्या शिष्याची मान ताठ झाली. मग मऊ, भुसभुशीत वाळू लागली आणि गाडी रुतली. शिष्याने चारही चाकांची ताकद लावली, ती जोराने दामटली. चाके गरगर फिरली आणि आणखी खाली गेली. फावडे घेऊन त्याने वाळू उपसली. उपसावी तेवढी ती पुन्हा घसरून येई. मग विंचचा दोर ओढून तो पुढे धावला आणि मध्येच थबकला. दोर अडकवायला नजर पोचेल तिथवर ना झाड होते, ना खडक.

"आता काय, ढगाला अडकवतोस?" व्यापारी त्राग्याने म्हणाला. "ढगही नाही म्हणा."

सूर्य माथ्यावर आला. म्हातारीचे ओठ कोरडे पडले. हातातल्या माळेवर जप चालू होता, पण मणी बोटांतून चुकत होते. मुलगा तिच्या पायांशी बसला.

"आई, आता तरी दोन घोट घे. तुला इथं काही झालं तर मी काय करू?"

"एकदा हटले रे बोलल्यापासून," ती क्षीण आवाजात म्हणाली. "पुन्हा नाही हटायची."

तेव्हा वृद्ध खाली उतरला. चाकापाशी बसून त्याने हवेच्या तोंडावरची टोपी काढली आणि आतली कळ काडीने दाबून धरली. सूं करून हवा जाऊ लागली.

शिष्य धावत आला. "उस्ताद, हे काय करताय? रुतलेल्या गाडीची हवा काढतात का? होतं नव्हतं तेवढं बळही जाईल."

वृद्धाने मान वर केली नाही. चाक बसके होऊन वाळूवर पसरले, तेव्हा तो दुसऱ्याकडे सरकला. चारी चाके झाल्यावर त्याने शिष्याला जवळ बसवले. "मूठ आवळ. आता टेकून भार दे." शिष्याची मूठ मनगटापर्यंत वाळूत शिरली. "आता पंजा उघडा ठेव आणि तेवढाच भार दे." पंजा वरच राहिला.

वृद्ध शांतपणे म्हणाला, "हात तोच, भारही तोच. तू गाडी मजबूत केलीस, ते चांगलंच केलंस. पण वाळू कुणाशी झुंजत नाही. जो आवळून येतो त्याला ती पोटात घेते, आणि जो जरा पसरून, मऊ होऊन येतो त्याला पाठीवरून नेते. हवा थोडी सोडली म्हणून चाक हरलं नाही. त्याला पलीकडे जायचं आहे, म्हणून ते एवढं मऊ झालं."

खिडकीत टेकलेली म्हातारी ऐकत होती. तिने हळूच विचारले, "आणि वाळू संपल्यावर, उस्ताद? मग चाकं अशीच ढिली राहतात का?"

"नाही, माई. माझ्या पिशवीत पंप आहे. कडक जमीन लागली की पुन्हा भरायची. दगडधोंड्यावर ढिलं चाक फाटतं. कडक कुठं राहायचं आणि मऊ कुठं व्हायचं, ते चाकाला कळत नाही. चालवणाऱ्यानं ते ओळखायचं असतं."

वाळूवरून वारा सरसरत गेला. मग म्हातारीने माळ मांडीवर ठेवली.

"बाळा," ती म्हणाली, "पाणी दे."

मुलाने वृद्धाच्या जागेवरून तांब्या घेतला. म्हातारीने टेकड्यांपलीकडच्या देवीच्या दिशेने पाहिले. "मला तुझ्यापर्यंत यायचंय गं," असे पुटपुटली आणि सावकाश, घोट घोट करत प्याली.

वृद्धाच्या सांगण्यावरून शिष्याने छतावरचे जड डबे तिथेच उतरवले. पाण्याचा एक तेवढा राहू दिला, बाकीचे परतताना घ्यायचे ठरले. चाकांपुढची वाळू दूर करून त्याने गाडी अगदी हळू, निजलेल्या मुलाला थोपटावे तशी, सोडली. चाके जराशी कुरकुरली, पसरली आणि वर आली.

देवीच्या ठाण्याला दार एकच, आणि दाराशी माठ घेऊन पुजारीण बसलेली. तिने म्हातारीपुढे पळीभर पाणी धरले.

"आधी हे. तहानलेल्याला आत सोडायचं नाही, अशी इथली रीत आहे."

म्हातारी तिच्याकडे पाहतच राहिली. मग तिच्या चेहऱ्यावर हसू पसरले. "घेतलंय हो मी वाटेत."

"मग पुन्हा घ्या. केवढ्या लांबून आलात."

म्हातारीने ओंजळ पुढे केली, पाणी प्याली आणि ओला हात डोळ्यांना लावून आत गेली. ओटी भरताना तिच्या पाठीशी तिचा मुलगा उभा होता, धडधाकट, डोक्यावरचे केस पिकू लागलेला.

आपणही नेम धरतो, उपास करतो. ते अवश्य करावेत, फक्त ज्या दारी निघालो त्या दारी पोचता येईल इतके मऊ राहावे.